पंखा बंद करा, मग ‘ॲक्शन’ म्हणा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

नुकतंच बी.ई.चं शेवटचं वर्ष संपवलेल्या एका वाचकाचं सहा पानी पत्र या वेळी आलं आहे. घरचा नवा टीव्ही, हॉस्टेलच्या खोलीत केलेला लघुपट, एकांकिका स्पर्धेत ऐन प्रयोगात गेलेली वीज, संध्याकाळच्या मालिका आणि पुढे काय करावं याचा घोळ, असं सगळं त्यात मोकळेपणाने लिहिलं आहे. पत्रातले प्रश्न वेगळे काढून इथे उत्तरं दिली आहेत. अधूनमधून इतर वाचकांचेही दोन प्रश्न आहेत.

प्रश्न : घरी 43 इंची टीव्ही घेतला. चित्र लखलखीत आहे, पण आवडता सिनेमा लावला की तो सिनेमा वाटतच नाही, मालिका वाटते. माणसं घसरत चालल्यासारखी दिसतात. टीव्ही बदलून घ्यावा का?

बदलू नका. टीव्ही ठीक आहे, फक्त त्याची एक सोय चालू राहिली आहे. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी (फ्रेम) चित्रित होतो. टीव्हीचा पडदा मात्र सेकंदाला 60 किंवा 120 वेळा ताजा होतो. मधली जागा भरायला टीव्ही दोन चौकटींवरून अंदाज बांधतो आणि स्वतःच नव्या चौकटी तयार करून घुसवतो. हालचाल गुळगुळीत होते ती त्यामुळे. आपल्याकडच्या टीव्ही प्रसारणात सेकंदाला 50 अर्धचित्रं जायची, म्हणून बातम्या आणि मालिका लहानपणापासून आपण गुळगुळीतच पाहिल्या. त्यामुळे गुळगुळीत दिसलं की डोळे ‘मालिका’ म्हणतात.

उपाय पाच मिनिटांचा आहे. सिनेमा चालू ठेवूनच पिक्चर सेटिंगमध्ये जा. सोनीवर ‘मोशनफ्लो’, एलजीवर ‘ट्रूमोशन’ आणि सॅमसंगवर ‘पिक्चर क्लॅरिटी’ (जुन्या संचांवर ‘ऑटो मोशन प्लस’) शोधा आणि बंद करा. पूर्ण बंद केल्यावर कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळल्यासारखं वाटलं, तर ‘डी-जडर’ नावाची पट्टी दहापैकी एक-दोनवर ठेवा, त्यापुढे नको. काही नव्या संचांवर ‘फिल्ममेकर मोड’ असतो, तो लावला की हे सगळं एकदम बंद होतं.

इथे बहुतेक जण फसतात ते असं : बऱ्याच टीव्हींवर हे सेटिंग प्रत्येक जोडणीसाठी वेगळं साठवलं जातं. सेट-टॉप बॉक्सवर बंद केलं तरी टीव्हीतल्या ॲपवर ते चालूच राहतं. दोन्हीकडे तपासा. आत गेलाच आहात तर ‘व्हिविड’ काढून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड लावा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, मग तेच बरोबर वाटू लागेल. क्रिकेटला गुळगुळीतपणा आवडत असेल तर त्या जोडणीवर खुशाल ठेवा.

प्रश्न : त्याच टीव्हीवर संवाद ऐकू येत नाहीत. आवाज वाढवला की मारामारीला शेजारी दार वाजवतात.

सिनेमाचा आवाज बहुधा 5.1 मध्ये, म्हणजे सहा वेगळ्या मार्गांत, मिसळलेला असतो आणि संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात. तुमच्या टीव्हीला मधला स्पीकर नाही, खाली तोंड केलेले दोन लहान स्पीकर आहेत. सहा मार्गांचा आवाज त्या दोघांत कोंबला जातो आणि त्यात संवाद दबतात. ॲपमध्ये आवाजाचा मार्ग 5.1 ऐवजी स्टिरिओ निवडता आला तर आधी तो निवडा. मग टीव्हीवर ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा तशा अर्थाचं जे काही असेल ते चालू करा. रात्री ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ लावा, त्याने मोठे आवाज दबतात आणि लहान वर येतात. टीव्ही कोनाड्यात बसवला असेल तर बाहेर काढा, कोनाड्यात जाड आवाज घुमतो आणि शब्द बुडतात.

साउंडबार घ्यायचाच असेल तर 2.1 पेक्षा 3.1 घ्या, कारण तो ‘3’ म्हणजे संवादांचा वेगळा स्पीकर. जोडणी ब्लूटूथने नको, ओठ आणि शब्द वेगळे पडतात. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेवर ‘एआरसी’ लिहिलंय तिथेच तार लावा.

प्रश्न : वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, त्या घालवायला ‘झूम’ करावं का?

नको. रुंदी आणि उंचीचं प्रमाण बघा : सिनेमास्कोप चित्र 2.39 : 1 आणि टीव्ही 1.78 : 1. त्यामुळे पडद्याच्या उंचीचा साधारण चौथा हिस्सा रिकामा राहतो. झूम केलं तर तेवढाच भाग दोन्ही बाजूंनी कापला जातो, आणि दोन माणसं समोरासमोर बोलत असतील तर दोघांचेही कान जातात.

प्रश्न : शेवटच्या वर्षी सबमिशनच्या धामधुमीत आम्ही हॉस्टेलवर दहा मिनिटांचा लघुपट केला, मोबाईलवर. ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रात पट्टे सरकतात आणि शेवटच्या प्रसंगात ओठ व आवाज जुळत नाहीत. पुन्हा चित्रण करणार आहोत. काय चुकलं?

दोन वेगळ्या चुका आहेत आणि दोन्हींचं कारण तुम्ही शिकलेलं आहे.

पट्ट्यांचं आधी. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी दिवा सेकंदाला 100 वेळा उजळतो आणि मंदावतो. मोबाईल आपणहून 30 चौकटींवर चालतो आणि शटर (एक चौकट टिपायला दिलेला वेळ) बहुधा 1/60 सेकंद धरतो. 1/60 सेकंदात दिव्याचे पूर्ण फेरे बसत नाहीत. चौकटीच्या काही ओळींना जास्त उजेड मिळतो, काहींना कमी, आणि पट्टे सरकतात. शटर 1/50 किंवा 1/100 धरलं की प्रत्येक चौकटीत पूर्ण फेरे बसतात आणि पट्टे नाहीसे होतात.

म्हणून मोबाईलच्या साध्या कॅमेऱ्यावर चित्रण करू नका. ‘प्रो’ मोड किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकटचं ॲप वापरा. चौकटी 25 ठेवा. थिएटरात दाखवायची आशा असेल तर 24. शटर दोन्हीला 1/50. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) शक्यतो 400 च्या आत. व्हाइट बॅलन्स, फोकस आणि एक्स्पोजर तिन्ही कुलूपबंद करा, नाहीतर माणूस दारातून आत आला की भिंतीचा रंगच बदलतो. भर उन्हात 1/50 वर चित्र जळतं, तिथे एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावा. तो नसेल तर शटर वेगवान केलं तरी चालेल, सूर्य लुकलुकत नाही.

आता आवाज. मोबाईल बहुधा अस्थिर गतीने चित्रण करतो : कधी 29.7 चौकटी, कधी 30.1. संकलनाचं सॉफ्टवेअर ती गती स्थिर आहे असं धरतं, म्हणून लांब शॉटमध्ये फरक साचत जातो. तुमचा शेवटचा प्रसंग एकच लांब टेक असणार. मीडियाइन्फो या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून बघा, ‘व्हेरिएबल’ दिसलं की समजा. संकलनाला बसण्याआधी सगळ्या फाइली हँडब्रेक या रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढा : व्हिडिओच्या पानावर ज्या गतीने चित्रण केलं तीच निवडायची, खाली ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ आणि क्वालिटी 16 ते 18. त्यानंतर मूळ फाइलींना हात लावायचा नाही.

आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर घेतलात हेही उघड आहे. कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा, तो दुसऱ्या मोबाईलला जोडा आणि तो मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका. ध्वनिमुद्रण 48 किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही. पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी, संकलनात चित्र आणि आवाज त्या टाळीवर जुळतात. पंखा बंद करा. उकडेल, पण पंख्याचा आवाज नंतर काढू गेलात तर बोलणं डब्यातून आल्यासारखं होतं. हॉस्टेलच्या खोलीच्या भिंती बोडक्या असतात, आवाज घुमतो. कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला गाद्या उभ्या करा आणि दारावर चादरी टांगा. सगळं झाल्यावर कुणीही न बोलता त्याच खोलीची शांतता 30 सेकंद मुद्रित करा. दोन वाक्यांमधली फट बुजवायला ती लागते, आणि ती घ्यायची हमखास विसरली जाते.

जागेचा हिशेब : 50 मेगाबिट प्रति सेकंद धरले तर मिनिटाला 375 एमबी. दहा मिनिटांच्या लघुपटासाठी सहापट चित्रण म्हणजे तासभर, म्हणजे साडेबावीस जीबी. त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रती करा.

महोत्सवाने डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरसाठीचं सिनेमाचं डिजिटल रूप) मागितलं तर घाबरू नका, ते बनवणारं डीसीपी-ओ-मॅटिक हे सॉफ्टवेअर फुकट आहे. चौकटी 24, मांडणी ‘फ्लॅट’ म्हणजे 1998 × 1080. तुमचं चित्र 1920 रुंद असेल तर दोन्ही बाजूंना 39-39 पिक्सेल काळे राहतील, तसंच ठेवा. वेग जास्तीत जास्त 250 मेगाबिट चालतो, लघुपटाला 150 भरपूर. एक गोष्ट मात्र नक्की करा : संवाद मधल्या मार्गावर टाका. नुसता स्टिरिओ दिलात तर थिएटरात डाव्या कोपऱ्यात बसलेल्याला सगळी पात्रं डाव्या भिंतीतून बोलताना ऐकू येतात.

प्रश्न (दुसऱ्या वाचकाचा, अभियांत्रिकीचे तिसरे वर्ष) : आमच्या फिल्म क्लबमध्ये लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला की ॲपवरच्या सिनेमाचा आवाज येतो, चित्र काळं. शिवाय स्पीकरमधून सतत घूं आवाज.

चित्र काळं होण्यामागे एचडीसीपी हे नक्कल रोखणारं संरक्षण असतं. लॅपटॉप, तार, मधला स्प्लिटर आणि प्रोजेक्टर या साखळीत एकालाही ते कळलं नाही की चित्र रोखलं जातं. व्हीजीएचा कन्व्हर्टर मध्ये असेल तर दोष बहुतेक त्याचाच. पण ॲपचं खातं घरगुती पाहण्यासाठी असतं, त्यावर सभागृहात खेळ लावणं त्याच्या अटींत बसत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोकांपुरता सिनेमा दाखवायला सवलत आहे. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावलं की ती सवलत संपते. चांगला मार्ग म्हणजे दिग्दर्शकाला किंवा निर्मात्याला पत्र लिहून फाइलच मागणे. मराठीत स्वतंत्रपणे सिनेमा करणाऱ्यांना कॉलेजचा प्रेक्षक हवा असतो, आणि कित्येक जण गप्पा मारायलाही येतात.

घूं आवाजासाठी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर अर्थिंगचं वेटोळं झालंय : लॅपटॉप एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या, आणि दोघांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक. दोन्ही एकाच बोर्डावर आणा. तरी राहिला तर मध्ये डीआय बॉक्स (दोन उपकरणांची अर्थिंग वेगळी ठेवणारा डबा) लावा. प्लगची अर्थिंगची जाड पिन तोडून घूं थांबवण्याची युक्ती काही ठिकाणी चालते, ती कधीही करू नका. माइक हातात धरलेल्या माणसाला त्यात विजेचा धक्का बसू शकतो.

प्रश्न (पुन्हा मूळ पत्रातला) : एकांकिका स्पर्धेच्या तालमीत सगळं नीट चालायचं, प्रयोगात मात्र पहिल्याच ब्लॅकआउटनंतर दिवे आले आणि एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारी कळ) पडला. दोनदा. आमच्यात इलेक्ट्रिकलचे चौघे होते!

पुण्यात पुरुषोत्तम करंडक 1963 पासून सुरू आहे आणि तेव्हापासून महाविद्यालयांतली मुलं प्रकाशयोजना रंगमंचावरच शिकत आली आहेत. तुमची चूक अनेकांनी केलेली आहे.

हॅलोजन दिव्यातली तार (फिलामेंट) थंड असताना तिचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. म्हणजे एक किलोवॅटचा पार (रंगमंचाचा दिवा), जो एरवी 4.35 अँपिअर घेतो, तो लावल्या क्षणी दहापटीहून जास्त ओढू शकतो. तालमीत तुम्ही दिवे एकेक करून लावत होतात. प्रयोगात काळोखातून एका बटणावर सगळे आले आणि एमसीबीला शॉर्टसर्किट झाल्यासारखं वाटलं. उपाय जुना आहे : ब्लॅकआउटमध्ये डिमर (दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारं उपकरण) शून्यावर न नेता जेमतेम पाच टक्क्यांवर ठेवायचे. प्रेक्षकाला काही दिसत नाही, तार मात्र कोमट राहते. आणि दिवे झपकन नाही, एक-दीड सेकंदात वर आणायचे.

भाराचं गणित कागदावर करा. 16 अँपिअरच्या पॉइंटवर एक किलोवॅटचे तीनच पार, म्हणजे 13 अँपिअर. चौथा लावू नका. 6 अँपिअरच्या पॉइंटवर एकच. तार 2.5 चौरस मिलिमीटरची. बाजारात मिळणारा साधा एक्स्टेंशन बोर्ड पातळ तारेचा असतो, तो तापून वितळू शकतो. तारेचं रीळ असेल तर संपूर्ण उलगडा, गुंडाळलेल्या तारेची उष्णता बाहेर पडत नाही.

तीन फेज मिळत असतील तर भार सारखा वाटा, पण न्यूट्रलकडे लक्ष द्या. ट्रायॅक डिमर लाट कापतात, त्यातून तिसरे हार्मोनिक (मूळ लाटेच्या तिप्पट वेगाच्या लाटा) तयार होतात आणि ते तिन्ही फेजचे न्यूट्रलमध्ये एकमेकांना मारत नाहीत, बेरीज होतात. भार समतोल असूनही न्यूट्रल तापते ती यामुळे. तिची जाडी फेजपेक्षा कमी नको. ध्वनीची वीज शक्यतो वेगळ्या फेजवरून घ्या. माइकची तार आणि डिमरची तार शेजारून नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

एलईडी पार वापरलेत तर यातलं बरंचसं संपतं, कारण एक पार साधारण दीडशे वॅट घेतो. पण तिथे डीएमएक्सची (दिव्यांना आज्ञा पोचवणाऱ्या डिजिटल संदेशाची) शिस्त लागते : माइकची तार डीएमएक्सला वापरायची नाही आणि साखळीच्या शेवटच्या दिव्यावर 120 ओहमचा टर्मिनेटर लावायचा. तो नसला की मधलाच एखादा दिवा मध्येच लुकलुकतो, आणि नेमका करुण प्रसंगात.

प्रश्न : आईबरोबर मालिका बघतो. एक थप्पड तीन चेहऱ्यांवर तीनदा का दाखवतात? आणि आमच्या सेट-टॉप बॉक्सवरूनच टीआरपी मोजतात का?

1994 च्या केबल नियमांनुसार तासाला 12 मिनिटांपर्यंत जाहिराती चालतात : 10 व्यापारी आणि 2 वाहिनीच्या स्वतःच्या. म्हणजे अर्ध्या तासाच्या भागात मालिका 22-24 मिनिटांची. आठवड्याला सहा भाग धरले तर दर आठवड्याला सव्वादोन तासांचं काम तयार करायचं, म्हणजे दर आठवड्याला एक पूर्ण सिनेमा. एवढ्या वेगात नवी जागा, नवा प्रकाश, नवी हालचाल परवडत नाही. एकाच दिवाणखान्यात लावलेल्या प्रकाशात दोन-तीन कॅमेऱ्यांनी सगळ्यांचे चेहरे एकदम टिपायचे आणि संकलनात वाढवायचे, हे परवडतं. दूरदर्शनच्या मुंबई केंद्राच्या (स्थापना 1972) जुन्या मालिका घट्ट वाटतात, कारण त्या आठवड्याला एकच भाग आणि बहुधा 13 भागांची एक तिमाही एवढ्यासाठी लिहिलेल्या असत. आजचे लेखक-दिग्दर्शक कमी ताकदीचे आहेत म्हणून नव्हे, वेळापत्रक वेगळं आहे म्हणून हा फरक पडतो.

मोजणी तुमच्या बॉक्सवरून होत नाही. 2015 पासून हे काम बार्क ही संस्था करते. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते आणि निवडक घरांत बसवलेली यंत्रं ती ओळखतात. आईने रिमोट कुठे ठेवला याने टीआरपी बदलत नाही, तुमचं घर त्या नमुन्यात असेल तरच बदलतो.

प्रश्न : कॅम्पसमधून आयटीची नोकरी आहे, मन सिनेमात आहे. पदवी फुकट जाईल का?

सिनेमातल्या कामांपैकी बरीचशी तुमच्या पदवीची वाट बघत आहेत. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत (1960, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत) दिग्दर्शन, छायालेखन, संकलन आणि ध्वनी यांचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम पदवीधराला खुले आहेत, प्रवेशपरीक्षेतून. ध्वनी हा विभाग इंजिनिअरला सगळ्यात जवळचा. 2009 साली ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी याच संस्थेचे. कोलकात्याची सत्यजित राय संस्था (1995) हा दुसरा पर्याय.

संस्थेत जायचं नसेल तर नोकरी स्वीकारा आणि संध्याकाळी ही तीन कामं पुरी करून ठेवा. एक : एफएफएमपेग हे चित्रफितींचं रूपांतर करणारं सॉफ्टवेअर शिकून एकाच चित्रफितीच्या 480, 720 आणि 1080 अशा तीन प्रती काढा आणि जाळ्याच्या वेगानुसार आपोआप बदलणारं प्रसारण स्वतःच्या संगणकावर उभं करा. ओटीटी कंपन्यांतलं हे रोजचं काम आहे. दोन : पायथनमध्ये चित्रणाच्या फाइलींची प्रत, पडताळणी आणि नामकरण करणारी छोटी आज्ञावली लिहा. व्हीएफएक्स स्टुडिओतले पाइपलाइनवाले हेच मोठ्या प्रमाणावर करतात. तीन : कुणाच्या तरी लघुपटाचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने सांभाळा. मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा या तीन गोष्टींवर जास्त बोलणं होतं. आणि एखादी केटी (मागे राहिलेला विषय) उरली असेल तर ती आधी काढा, पदवीशिवाय संस्थेची प्रवेशपरीक्षा देऊन उपयोग नाही.

प्रश्न (तिसऱ्या वाचकाचा) : मोबाईलचा पडदा फुल एचडी, वर्गणी भरलेली, तरी सिनेमा धूसर दिसतो. हॉस्टेलचं नेट दोषी?

डीआरएम इन्फो हे ॲप टाकून ‘वाइडव्हाइन’ची (सिनेमाची नक्कल रोखणाऱ्या कुलपाची) पातळी बघा. एल1 हवी. एल3 असेल तर नेट कितीही वेगवान असलं तरी बहुतेक ॲप 480 च्या वर चित्र देत नाहीत. बूटलोडर (फोन सुरू करणारं कुलूपबंद सॉफ्टवेअर) उघडून दुसरा रॉम (फोनची बदललेली प्रणाली) टाकलाय का? एल1 जाण्याचं अभियांत्रिकीच्या हॉस्टेलवरचं नेहमीचं कारण ते. मूळ सॉफ्टवेअर परत टाकून बूटलोडर बंद केला की बऱ्याच संचांत एल1 परत येते, सगळ्यांत नाही. त्या आधी फोनमधला डेटा काढून ठेवा, बूटलोडर बंद करताना फोन पूर्ण पुसला जातो. आणि एचडी आल्यावर तासाला तीन जीबीपर्यंत खर्च होतो, तेव्हा दिवसाचा दीड जीबीचा पॅक मध्यंतराच्या आधीच संपू शकतो.